चांगुणाबाईच्या तेलाची परीक्षा

त्या शनिवारी मी सिन्नरला घरी पोचले, तेव्हा माझी नवी वहिनी ओट्यावर दोन्ही हात हवेत धरून बसली होती. तिचा चेहरा इतका सुजला होता, की क्षणभर मला वाटलं कुणी पाहुणीच आली आहे. डोळ्यांच्या जागी नुसत्या चिरा राहिल्या होत्या आणि कोपरापर्यंत पुरळ उठलं होतं.

"बिब्बा उतलाय," आई आतून म्हणाली. "पहिल्यांदा उततोच. खोबरेल लावलंय. चार दिवसांत उतरंल."

"आणि पुढच्या अमावास्येला?"

"तव्हा कमी उतंल."

उज्ज्वलाचं लग्न होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. माझ्या भावाशी, निवृत्तीशी, तिचं लग्न ठरवताना घरातल्या सगळ्या गोष्टी तिच्या माहेरी सांगितल्या गेल्या होत्या. तेलाची गोष्ट मात्र कुणी काढली नव्हती. लपवायची म्हणून नव्हे. आमच्या घरात ते तेल इतकं मुरलेलं होतं, की ते सांगण्यासारखं काही असतं हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आमच्या आळीत घरोघरी विड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन बाई सकाळी बसली की दिवस मावळेपर्यंत तिची मांडी मोडत नाही. चाळिशी गाठायच्या आत गुडघे बोलायला लागतात. त्या गुडघ्यांसाठी माझी आई, चांगुणाबाई, दर अमावास्येला बिब्ब्याचं तेल काढायची. अडकित्त्यानं बिब्बे फोडायचे, निरगुडी आणि लसूण घालून लोखंडी कढईत परसात दुपारपर्यंत ढवळत बसायचं. धुराकडे तोंड केलं तर तोंड सुजायचं, हात लागला तर हात. उकळून उकळून त्यातली आग मरायची, त्यामुळे लावणारीला काही होत नसे. भाजायची ती करणारी. आईच्या बोटांवर काळे डाग कायमचे होते आणि अमावास्येनंतरचे काही दिवस तिला स्वतःला विडी वळता येत नसे.

हे तिला तिच्या सासूकडून आलं होतं. मरताना म्हातारीनं आईचा हात धरून वचन घेतलं होतं: तेलाचा मोबदला घ्यायचा नाही, मागायला आलेल्याला कधी नाही म्हणायचं नाही, आणि घरातल्या पुढच्या बाईच्या हाती सोपवल्याशिवाय सोडायचं नाही. आता पुढची बाई आली होती आणि ती ओट्यावर हात वर करून बसली होती.

मी तेव्हा नाशिकला एका दवाखान्याच्या संशोधन विभागात कामाला होते. नाव भारदस्त, काम साधं. रुग्णांना ठरावीक प्रश्न विचारायचे, ते उत्तर देतील तेच लिहायचं, आपल्या मनाचं घालायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. माझा जन्म विडी आळीत गेलेला, तिथे दुसऱ्याच्या बोलण्यात आपलं घातल्याशिवाय कुणाला जेवण जात नाही.

रविवारी सकाळी उज्ज्वलाची सूज थोडी उतरली. डोळे उघडले आणि त्यासोबत तोंडही. ती गरीब गाय वगैरे मुळीच नव्हती.

"आई, एक विचारू?" ती म्हणाली. "या तेलानं खरंच गुण येतो ना?"

आईनं भाकरी थापता थापता हात थांबवला. "पार नांदूर-शिंगोट्यावरनं बाया येतात. उगाच येतात व्हय?"

"येतात ते मीबी पाहते. गुण येतो का, ते विचारते. येत असंल तर मी जन्मभर हात भाजून घेईन, कुरकुर करणार न्हाई. येत नसंल तर मला नका भरीला घालू."

मी चहाच्या कपात तोंड घातलं. आता भांडण पेटणार असं वाटलं. आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर फुगवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या दवाखान्यात हे कळतं का?"

"काय?"

"तेलानं गुण येतो का न्हाई ते."

"कळतं. वेळ लागतो, पण कळतं."

"मग बघा तपासून. एकदा हिचं समाधान होऊ दे. पाडव्याच्या आत हिनं कढई हातात घ्यायला पायजे."

मला वाटलं, झालं. आईला आपल्या तेलावर शिक्का मारून हवा आहे, म्हणजे सुनेचं तोंड बंद. आणि माझी मात्र दोन्हीकडून पंचाईत. तेल खरं ठरलं तर ही पोरगी जन्मभर भाजणार. खोटं ठरलं तर आईचं काय होईल?

आमच्या विभागाच्या प्रमुख डॉ. गुर्जर मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसतील अशी माझी अपेक्षा होती. त्या हसल्या नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी रीतसर परवानग्या काढून स्वतः सिन्नरला आल्या, आमच्या घरात जमिनीवर बसल्या आणि आईला समजावून सांगू लागल्या.

"बाई, आळीतल्या निम्म्या जणींना तुमचं तेल द्यायचं. निम्म्यांना नुसतं गोडं तेल, पण तेही तसंच काळं केलेलं आणि तसाच धूर दिलेलं. सगळ्यांनी रोज संध्याकाळी सारखंच चोळायचं. शेवटी बघायचं, कुणाचं दुखणं किती कमी झालं."

"म्हणजे एकीला माझं, नि एकीला खोटं?"

"हो. आणि कुणाला कुठलं ते त्यांना सांगायचं नाही. तसं त्यांना आधी बजावायचं आणि ज्या कबूल होतील त्यांनाच घ्यायचं."

"मला तरी सांगाल ना?"

"तुम्हालाही नाही. तुमच्या मुलीलाही नाही. मलासुद्धा माहीत नसेल."

"मग म्हाईत कुणाला?"

"नाशिकच्या एका बंद कपाटाला."

"एवढं लपवायचं कशाला?"

"बाई, मी तुम्हाला सांगितलं की हे खरं तेल आहे, तर तुम्हाला निम्मं बरं तिथेच वाटेल. तुमच्या मुलीला माहीत असेल, तर तिचा प्रश्न विचारायचा सूर बदलेल. आपल्याला तेल तपासायचंय, भरवसा नाही."

"हां," आई म्हणाली. तिला ते पटलं होतं. मला वाटलं होतं त्याहून लवकर पटलं होतं.

परीक्षा सुरू झाली. काळ्या तेलाच्या सारख्याच बाटल्या, त्यांवर नुसते आकडे. मी आठवड्याला यायची, दारोदार फिरायची. दुखणं मोजायला मॅडमनी खड्यांची युक्ती काढली होती. दहा खडे समोर ठेवायचे आणि बाईला सांगायचं, सोसवतच नाही एवढं दुखत असेल तर सगळे उचल, अजिबात दुखत नसेल तर एकही उचलू नको. बायकांना हे फार आवडलं. आमच्या शेजारची कोंडाबाई पहिल्या दिवशी दहाही खडे उचलून म्हणाली होती, "आणखी न्हाईत का?"

कोंडाबाई म्हणजे आळीची न निवडलेली सरपंच. कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्या घरच्या बाईच्या आधी हिला कळायचं. तिनं सगळ्या जणींना वेळेवर तेल चोळायला लावलं, कुणी विसरली तर तिच्या दारात जाऊन कान उपटले. मला वाटायचं, अशी मदतनीस मिळायला भाग्य लागतं.

महिनाभरानं कपाट उघडलं. मॅडमनी मला बोलावून दोन्ही गटांचे आकडे दाखवले. दोन्हींत दुखणं कमी झालं होतं. दोन्हींत सारखंच. इतकं सारखं, की मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "असं तंतोतंत सहसा येत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. मला मात्र त्याचं काही वाटलं नाही. हे आईला कसं सांगायचं, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता.

सिन्नरला उतरले आणि घरी जायचा धीर होईना म्हणून आधी कोंडाबाईकडे शिरले. तिच्या घरात पाच-सात जणी गोल करून बसल्या होत्या. मध्ये मोठं पातेलं, पातेल्यात काळं तेल, आणि कोंडाबाई डावानं ते बाटल्यांत भरत होती. तळाशी उरलेलं वाटून घ्यायचं चाललं होतं.

"हे काय?"

"तेल," कोंडाबाई म्हणाली.

"ते दिसतंय. पातेल्यात कशाला?"

"मग कसं वाटायचं? नवीन बाटल्या आल्या की समद्या इथंच रिकाम्या करायच्या, ढवळायचं, नि सारखं वाटून घ्यायचं. पहिल्या दिवसापास्नं आसंच करतोय."

"कोंडामावशी, तुम्हाला सांगितलं होतं ना, जिची बाटली तिनंच वापरायची?"

"सांगितलं व्हतं," तिनं शांतपणे कबूल केलं. "पण तूच सांग, हळदीकुंकवाला एकीला वाण द्यायचं नि शेजारणीला रिकाम्या हातानं धाडायचं, आसं कुणी करतं का? निम्म्या जणींच्या वाट्याला खोटं येणार. कुणाच्या, ते ठावं न्हाई. मग समद्यांनी थोडं थोडं खोटं लावलं तर कुणाचं काय बिघडलं?"

बाकीच्या बायका माना डोलावत होत्या. त्यांनी काही चूक केली आहे असं त्यांच्यापैकी एकीलाही वाटत नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. नाशिकचं कपाट कुलूपबंद होतं आणि इकडे आळीनं महिनाभर एकच तेल लावलं होतं.

मॅडमना फोन केला. त्या खदखदून हसल्या, आणि हसणं संपल्यावर म्हणाल्या, "यातून काहीच कळलं नाही. तेल खरं असेल, खोटं असेल, आपण होतो तिथेच आहोत. दुसऱ्या तालुक्यात करू. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका शोधू."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर मला मोकळं वाटत होतं. आता परीक्षा बारगळली, तेल आहे तिथे राहील, उज्ज्वलाचं पुढचं पुढे बघू. आईही म्हणेल, बरं झालं.

"दुसऱ्या तालुक्यात कशाला?" आई म्हणाली. "इथंच करायचं. उद्या बायांना बोलाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. सूपं घरी ठेवून आलेल्या, त्यामुळे हातांचं काय करावं कुणालाच सुचत नव्हतं. उज्ज्वला दारात उभी होती. आई कधी चारचौघींपुढे बोलली नव्हती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग एकदम म्हणाली,

"कोंडे, तू वाटलंस ते चांगल्या मनानं वाटलंस. पण माझं नुकसान केलंस."

"तुझं काय नुकसान गं?"

"मला कळून घ्यायचं व्हतं, नि ते कळलं न्हाई."

"तुला म्हाईतच हाय की! तुझ्या तेलानं आमचे गुडघे चालतात."

"मला म्हाईत न्हाई," आई म्हणाली. "कव्हाच नव्हतं."

इतकी वर्षं त्या कढईपुढे बसलेल्या बाईच्या तोंडून हे येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"सासूबाईंनी हात धरला तव्हा त्यांनी मला इचारलं न्हाई. मी बी त्यांना इचारलं न्हाई, गुण येतो का म्हणून. मरणाऱ्या माणसाला आसं इचारतात व्हय? दर अमावास्येला कढईपुढं बसल्यावर मनात यायचं, आपण हे कशासाठी करतोय? तुम्ही बरं वाटतंय म्हणायच्या, मग वाटायचं, आसंल. पुढच्या अमावास्येला पुन्हा तेच." तिनं दाराकडे बोट केलं. "ह्या पोरीनं पहिल्याच दिवशी इचारलं. तोंड सुजलेलं, डोळं उघडंना, तरी इचारलं. मला तिचा राग न्हाई आला, मला माझाच राग आला. आता तिच्या हातात कढई द्यायची का न्हाई, ते मला ठरवायचंय. उगाच आपलं भाजलं म्हणून तिचं भाजायचं न्हाई. नि खरंच गुण येत आसंल तर तुम्हाला उघड्यावर बी टाकायचं न्हाई."

आईनं हात जोडले.

"एक महिना. जिची बाटली तिनंच लावायची. खोटं आलं तरी माझ्यासाठी खोटं लावा. कमी झालं न्हाई तर न्हाई म्हणा. माझ्या तोंडाकडं बघून खडे कमी उचलू नका."

तेव्हा मला कळलं, की शिक्का वगैरे तिला काहीच नको होतं. मी तिची मुलगी, प्रश्न विचारायचा पगार घेणारी, आणि हा एक प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. मी उठून आत चहा ठेवायला गेले.

दुसरा महिना सरळ गेला. बायकांनी शब्द पाळला. पाळताना तोंडं वाकडी केली, ते वेगळं. आपापल्या बाटल्या देव्हाऱ्यात, कोनाड्यात, एकीनं तर पिठाच्या डब्यात ठेवली. कोंडाबाईनं या खेपेला पातेलं बाहेर काढलं नाही, पण तिचा गुडघा मात्र झपाट्यानं सुधारला. ती पाण्याचा हंडा घेऊन आळीच्या टोकापर्यंत जाऊन यायला लागली. "माझ्या वाट्याला चांगुणाचंच आलंय," ती सगळीकडे सांगत सुटली. "वासावरनंच कळतं."

उज्ज्वलानं त्या महिन्यात कढईला हात लावला नाही. आईनं लावू दिला नाही.

कपाट उघडल्यावर मॅडम स्वतः सिन्नरला आल्या. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात म्हणाल्या. आई, उज्ज्वला आणि मी समोर बसलो.

"बाई, दुखणं दोन्हीकडे कमी झालं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या तेलानं कमी झालं आणि गोड्या तेलानंही. दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही."

आईनं मान हलवली. "मग कमी कशानं झालं?"

"ते या परीक्षेतून सांगता येत नाही. रोज चोळल्यानं असेल. थंडी ओसरली त्यानं असेल. गुडघेदुखी आपणहूनही कमी-जास्त होते. कुणीतरी दर आठवड्याला येऊन विचारतंय, त्यानंही माणसाला बरं वाटतं. तेव्हा कशानं झालं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण इतक्या जणींत बिब्ब्यानं गोड्या तेलापेक्षा जास्त काही केलेलं दिसलं नाही, एवढं सांगते."

"म्हणजे माझे हात..." आई म्हणाली. ती रडली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, पोटातून रडली. उज्ज्वला उठून तिच्याजवळ जाऊन बसली. गेली वीस-पंचवीस वर्षं परत कोण आणून देणार होतं? मॅडमनी चहा घेतला नाही. जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला, आणि आईला त्याचंही भान नव्हतं.

मी त्या रविवारी राहिले. दुपारी कोंडाबाई रिकामी बाटली घेऊन आली. आईचे डोळे अजून लाल होते.

"चांगुणा, अमावास्या तोंडावर आली. माझी बाटली भरून ठेव बाई."

"कोंडे, मी आता तेल काढणार न्हाई."

"का गं? बरं न्हाई का तुला?"

"बरी हाय. तुझ्या बाटलीत गोडं तेल व्हतं."

कोंडाबाईनं बाटलीकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली. आकडा मीच पडताळला होता.

"काहीतरीच," ती म्हणाली. "मी हंडा घेऊन चालते! तो काय खोटा हंडा हाय?"

"हंडा खरा हाय. तू चालतीस ते बी खरं हाय. पण त्यात बिब्बा नव्हता."

कोंडाबाईचा चेहरा लाल झाला. "सरळ सांग ना, द्यायचं न्हाई म्हणून! सून आली, हात दुखायला लागले, आता शेजारणी नको झाल्या. एवढी वर्षं कधी न्हाई म्हणाली न्हाईस. तुझी सासू आसती तर..."

ती थांबली, पण शब्द निघून गेला होता. मला वाटलं, आई आता आत जाईल, बाटली भरेल. कोनाड्यात जुनं तेल होतं, ते देऊन वेळ मारून नेता आली असती. कुणालाही कळलं नसतं, आणि चांगुणाबाईनं कधी नाही म्हटलं नाही हा लौकिकही राहिला असता. उज्ज्वलाही दारात येऊन उभी राहिली होती. तिलाही तीच भीती असावी, कारण तिनं चौकट घट्ट धरली होती.

"सासू आसती तर तिलाबी हेच सांगितलं आसतं," आई म्हणाली. तिनं कोंडाबाईच्या हातातली बाटली काढून बाजूला ठेवली आणि तिला दंडाला धरून ओट्यावर बसवलं. "बस. पाय लांब कर."

"कशाला?"

"पाय लांब कर म्हणते ना!"

कोंडाबाईनं फणकाऱ्यानं पाय लांब केला. आईनं तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, समोर मांडी घातली आणि ते काळे डागवाले तळवे एकमेकांवर घासून गरम करू लागली.

"उज्ज्वला," तिनं हाक मारली, "तेल आण."

उज्ज्वला जागची हलली नाही. "कुठलं आणू, आई?"

"भाजीला घालतो ते," आई म्हणाली. "नि ये इकडं. कसं चोळायचं ते दाखवते. ह्यानं हात भाजत न्हाईत."